बाकावरची शेजारीण

मागच्या आठवड्यात भाची भूगोलाचं उत्तर पाठ करत बसली होती. प्रश्न होता, 'स्थलांतराचे परिणाम लिहा.' "शहरात गर्दी वाढते, झोपडपट्ट्या वाढतात, पाण्यावर ताण पडतो..." एका दमात म्हणून मोकळी झाली.

मी सहज विचारलं, "तुझ्या वर्गात कुणी आहे का गं, बाहेरून आलेलं?"

"आहे की! माझ्याच बाकावर बसते. बिहारची आहे. तिचे बाबा फाउंड्रीत आहेत."

"मग तीही हेच पाठ करणार?"

जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, मार्क त्यालाच मिळतात."

उत्तर खोटं नाही, मैत्रिणींनो. माणसं वाढली की नळाचं पाणी कमी पडतं, खोल्यांची भाडी चढतात, हे आपण रोज बघतो. पण उत्तर अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं आमच्या कोल्हापूरजवळच आहे.

लग्नाचा बस्ता बांधायला आपल्यापैकी कितीतरी जणी गांधीनगरला जातात. साड्यांचे ढीग उपसताना कुणाच्या मनात येतं, की ही पेठ निर्वासितांनी उभी केली? त्याही आधी, १९४३ ते १९४८ या काळात, इथेच वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी होती. बायका आणि मुलंच जास्त. रशियानं त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे धाडलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती पंचगंगेकाठी पोचली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ती गेली आणि फाळणीत सिंधमधलं घरदार सोडून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. आज आपण भाव पाडून घेतो तो त्यांच्या नातवंडांकडून!

गुरुजींनी, बाईंनी मुलांना एकदा तिथे न्यावं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे, तेही दाखवावं. जुन्या दुकानदाराला मुलांनीच विचारू दे, पहिल्या दिवशी चूल कशी पेटली, भाषा कशी जमली, मदत कुणी केली, हाकललं कुणी. वळिवड्यातल्या म्हाताऱ्यांनाही विचारावं, गावाचं काय गेलं आणि काय आलं. मग परिणाम लिहायला सांगा.

एक मात्र नको. त्या बिहारच्या मुलीला वर्गापुढे उभं करून "सांग तुझी कहाणी" म्हणू नये. त्यापेक्षा सगळ्यांनाच घरी विचारून यायला सांगावं, आपल्या घरात कोण कुठून आलं. जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच निघतं. म्हणजे मुलांच्या वहीत आधी आपल्याच आयांची नावं येतील.

भाचीनं काल शेजारणीला विचारलं म्हणे. गाव सिवान जिल्ह्यात आहे, दारात लिचीचं झाड आहे. आई इथे आल्यापासून चार वर्षांत एकदाच माहेरी जाऊन आलीय.