दोन वाघिणींच्या मधला माणूस

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एखाद्या रेल्वे यार्डात ब्रेकमनच्या कामासाठी कोणी गेला, की मुकादम आधी त्याचे हात पाही, असे सांगतात. एखाद-दुसरे बोट तुटलेले दिसले म्हणजे गडी अनुभवी. दहाही बोटे शाबूत असली, तर नवशिका! या गोष्टीत थोडे तिखटमीठ असेलही. पण मालगाडीचे डबे जोडणाऱ्यांची बोटे त्या काळात खरोखरच सर्रास तुटत, हात चिरडत आणि कित्येकांचा जीवही जाई, यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाचे मराठीने ‘वाघीण’ करून टाकले, तेव्हा तो केवळ उच्चाराचा खेळ होता. अमेरिकेतल्या ब्रेकमनला मात्र हे नाव अगदी पटले असते. कारण त्याची वाघीण खरोखरच माणसे खात होती. तिला माणसाळवले कसे गेले, ती हकिगत मोठी वाचण्यासारखी आहे.

लाकडाची पेटी, लोखंडाचा ताण

आधी ही वाघीण होती कशी, ते पाहू. १८६०च्या सुमारास अमेरिकेतला बंद मालडबा, म्हणजे तिथला ‘बॉक्सकार’, साधारण २८ फूट लांब असे आणि त्यात दहा टनांच्या आसपास माल मावे. डबा जवळजवळ सगळा लाकडाचा. खाली चार-चार चाकांच्या दोन बोग्या, वर लाकडी सांगाडा आणि त्यावर फळ्या.

लाकूड वजनाने मध्ये झोळ खाते, हे जुन्या घराची तुळई पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. त्यावर उपाय म्हणून डब्याच्या पोटाखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंडी सळया ताणून बसवत. प्रत्येक सळईच्या मधोमध आटे पाडलेला एक तुकडा असे. डबा खाली वाकू लागला, की कारागीर तो तुकडा पिळी. सळई ताणली जाई आणि डब्याची कंबर पुन्हा सरळ होई. बाजेची सैल झालेली नवार आपण ओढून बसवतो, त्यातलाच हा प्रकार.

आसाची टोके ज्या पेटीत फिरत, तिच्यात तेलात भिजवलेला सुताचा चोथा कोंबलेला असे. तेल आटले की आस तापे, चोथा धुमसू लागे आणि धावत्या गाडीत आग लागण्याची वेळ येई. म्हणून गाडी थांबली रे थांबली, की या पेट्या तपासत आणि तेल घालत माणसे गाडीच्या कडेने फिरत.

अशा या साध्या पेटीत काय काय जाई! धान्य भरायचे असले, की दाराला आतून फळ्या ठोकत आणि गहू सुटाच ओतत. मांस आणि फळे यांच्यासाठी निराळ्या, दुहेरी भिंतींच्या वाघिणी निघाल्या. त्यांच्या दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे असत आणि टपावरच्या झडपांतून वाटेतल्या ठाण्यांवर नवा बर्फ भरला जाई. शिकागोच्या गुस्ताव्हस स्विफ्ट या मांसव्यापाऱ्याने १८७०च्या दशकाच्या अखेरीस अशा थंड वाघिणींतून पूर्वेकडच्या शहरांना मांस पाठवायला सुरुवात केली आणि हजार-हजार मैलांवरच्या स्वयंपाकघरांचा बाजारहाटच बदलून गेला.

पण एवढ्या लांब जाणारा माल एकाच कंपनीच्या रुळांवरून कसा जाणार? अमेरिकेत रेल्वे सरकारी नव्हती. छोट्यामोठ्या शेकडो खासगी कंपन्या होत्या. वाटेत माल उतरवून पुन्हा भरण्यापेक्षा अख्खा डबाच पुढच्या कंपनीच्या गाडीला जोडून देणे सोयीचे. म्हणजे डबा एकाचा, इंजिन दुसऱ्याचे आणि रूळ तिसऱ्याचे. हे साधावे म्हणून दक्षिणेकडच्या कंपन्यांनी १८८६च्या मे महिन्याच्या अखेरीस अवघ्या दोन दिवसांत हजारो मैलांचे रूळ तीन इंचांनी आत सरकवले आणि देशभर रुळांचे माप जवळपास एक करून टाकले. रूळ जुळले. डबे एकमेकांना जोडायचे कसे, हा प्रश्न मात्र तसाच होता.

कडी आणि खिळा

त्या वेळची जोडणी अगदी सोपी होती. दोन्ही डब्यांच्या टोकांना लोखंडी खोबणी असत. एका खोबणीत लांबट कडी अडकवलेली असे. डबे जवळ आले, की ती कडी समोरच्या खोबणीत घालायची आणि वरून जाड खिळा सोडायचा. काम झाले.

सोपी खरी, पण कडी धरायची कोणी? इंजिन डबा मागे ढकलत येई तेव्हा ब्रेकमन दोन डब्यांच्या मध्ये उभा राही. एका हाताने कडी उचलून धरी आणि शेवटच्या क्षणी हात मागे घेई. क्षण चुकला, की बोटे गेली. पाय रुळात अडकला, की माणूस गेला. त्यातून निरनिराळ्या कंपन्यांच्या डब्यांच्या खोबणी वरखाली असत. मग वाकडी कडी शोधा, ती तिरकी धरा. पाऊस, बर्फ, रात्रीचा अंधार आणि हातात कंदील, ही परिस्थिती वेगळीच.

टपावरची धाव

हे झाले यार्डातले. गाडी सुटल्यावर ब्रेकमनचे दुसरे काम सुरू होई. इंजिनातून सगळ्या गाडीला ब्रेक लावण्याची सोय मालगाडीला नव्हती. प्रत्येक डब्याच्या टोकाला टपाच्या वर एक चाक असे. ते फिरवले, की साखळी ओढली जाऊन त्या एका डब्याचे ब्रेक लागत. इंजिनाने शिट्टी दिली, की ब्रेकमन धावत्या गाडीच्या टपावरून पळत निघे. चाक घट्ट करायचे, दोन डब्यांमधली फट उडी मारून ओलांडायची, पुढचे चाक गाठायचे. पायाखाली टपाच्या मधोमध ठोकलेली फळ्यांची अरुंद वाट आणि हिवाळ्यात तिच्यावर बर्फाचा थर.

वाटेत बोगदा किंवा बुटका पूल आला तर? त्यासाठी पुलाच्या अलीकडे रुळांवर आडवी दांडी उभारून तिला दोऱ्या लोंबत्या सोडलेल्या असत. अंधारात दोरीचा फटका तोंडावर बसला, की ब्रेकमनने झटकन आडवे व्हायचे. पुढचा फटका दगडाचा असे!

वाकवलेली बोटे

एलाय जॅनी हा गृहस्थ काही इंजिनिअर नव्हता. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला आणि नंतर व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी कापडचोपडाच्या दुकानात कारकुनी करणारा. त्याने लाकूड कोरकोरून एक नमुना बनवला आणि १८७३मध्ये त्याचे पेटंट घेतले.

त्याची कल्पना समजायला आपले दोन हात पुरेत. दोन्ही हातांची बोटे अर्धवट वाकवा आणि एकमेकांत अडकवून ओढा. सुटतात का? नाही. जॅनीच्या जोडणीत डब्याच्या टोकाला अशीच एक लोखंडी मूठ असते आणि तिचे बोट बिजागरीवर फिरते. उघडे बोट समोरच्या मुठीवर आदळले, की ते आत वळते आणि वरचा अडसर आपोआप पडून कुलूप बसते. सोडवायचे असेल तेव्हा डब्याच्या बाजूला उभे राहून दांडा उचलायचा. दोन डब्यांच्या मध्ये जायचे कारणच उरत नाही.

ब्रेकचा प्रश्न जॉर्ज वेस्टिंगहाउसने सोडवला. १८६९चा त्याचा पहिला ब्रेक इंजिनातून नळीने दाबाची हवा पाठवून लागत असे. त्यात एक खोट होती. नळी फुटली, की ब्रेकच गेला. तीन वर्षांत त्याने सगळे गणित उलटे केले. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी बसवली. नळीत दाब असेपर्यंत ब्रेक मोकळा. दाब उतरला, की टाकीतली हवा सुटून ब्रेक लागणार. त्यामुळे नळी फुटो की गाडीचे दोन तुकडे होवोत, दोन्ही तुकडे आपापले थांबणार.

लांब मालगाडीवर हे सुरुवातीला नीट जमले नाही. आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन इथे १८८६ आणि १८८७ साली पन्नास-पन्नास डब्यांच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढच्या डब्यांचे ब्रेक आधी लागत आणि मागचे डबे येऊन आदळत. वेस्टिंगहाउसने झडप सुधारली, दाब उतरल्याची वर्दी शेवटच्या डब्यापर्यंत झटकन पोहोचू लागली आणि पन्नास डब्यांची गाडी धक्का न देता उभी राहिली.

एका शेतकऱ्याचा हट्ट

म्हणजे १८८७पर्यंत दोन्ही उपाय हाताशी होते. मग बोटे तुटायची थांबली का? छे! नवी जोडणी लावायची म्हणजे लाखो डब्यांवर पैसा ओतायचा. ब्रेकमन तर स्वस्तात मिळत होते. अपघात झाला, तर कामातला धोका पत्करूनच तो नोकरीला लागला होता, असे म्हणायला न्यायालयेही तयार असत.

या गोष्टीचा ध्यास घेतला तो आयोवातल्या लोरेन्झो कॉफिन नावाच्या शेतकऱ्याने. आडनाव पाहा, कॉफिन म्हणजे शवपेटी. आणि हा निघाला होता लोकांना तिच्यापासून वाचवायला! १८७४ साली त्याच्या डोळ्यांदेखत डबे जोडताना एका ब्रेकमनची बोटे तुटली. पुढे तो राज्याचा रेल्वे आयुक्त झाला. त्याने पत्रे लिहिली, सभा गाजवल्या, रेल्वेवाल्यांच्या परिषदांत जाऊन हेटाळणी सोसली आणि बर्लिंग्टनच्या चाचण्यांचा पिच्छा पुरवला. आधी आयोवात कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीही १८८९च्या आपल्या संदेशात काँग्रेसला बजावले, की लढाईतल्या सैनिकाइतका धोका पोटासाठी राबणाऱ्या कामगाराला पत्करावा लागतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. अखेर २ मार्च १८९३ रोजी त्यांनी रेल्वे सुरक्षा कायद्यावर सही केली. नुसत्या आदळण्याने जुळणारी जोडणी, इंजिनातून लागणारे ब्रेक आणि डब्यांना धरायला कड्या, या गोष्टी सक्तीच्या झाल्या. मुदतवाढ मिळत मिळत कायदा पुरता लागू झाला तो १ ऑगस्ट १९०० रोजी.

प्रॉमॉन्टरीचा खटला

आणि अवघ्या चार दिवसांनी, ५ ऑगस्टला, युटामधल्या प्रॉमॉन्टरी इथे जॉन्सन नावाच्या ब्रेकमनचा हात गेला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा रेल्वेमार्ग १८६९मध्ये जिथे पुरा झाला, तेच हे गाव. जॉन्सनला मालगाडीचे इंजिन सोडवून एका भोजनाच्या डब्याला जोडायला सांगितले होते. इंजिनाला जॅनीची जोडणी होती, डब्याला मिलर नावाची. दोन्ही आपोआप जुळणाऱ्या. पण एकमेकींशी नव्हे! जॉन्सनला मध्ये जावे लागले. हात चिरडला आणि मनगटाच्या वर कापावा लागला.

त्याने दावा लावला. खालची न्यायालये म्हणाली, दोन्हींवर स्वयंचलित जोडणी होती ना? मग कायदा पाळला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०४मध्ये न्यायालयाने हे निकाल फिरवून फेरसुनावणीचा आदेश दिला. माणसाने मध्ये जाऊ नये, हा कायद्याचा हेतू आहे; तेव्हा यंत्रावर नाव काय लिहिले आहे हे न पाहता, ही दोन टोके आदळून आपोआप जुळतात का, एवढेच पाहायचे, असे न्यायालयाने बजावले.

मला वाटते, साऱ्या कहाणीचे सार याच निकालात आहे. जोडणीची पेटंटे तेव्हा हजारांनी निघाली होती. हुशार माणसांची वाण नव्हती. वाण होती ती एकमेकांशी जुळवून घेण्याची. डबे बांधणाऱ्यांच्या संघटनेने १८८७मध्ये जॅनीचा नमुना प्रमाण मानला आणि जॅनीच्या कंपनीने त्या मुठीच्या बाहेरच्या आकारावरचा हक्क सोडून दिला. आतली रचना ज्याची त्याने ठेवावी, तोंडे मात्र सगळ्यांची सारखी. एवढ्या एका समजुतीमुळे कोणताही डबा कोणत्याही डब्याला जोडला जाऊ लागला. डब्यांची संख्या १९१०च्या सुमारास वीस लाखांवर गेली आणि जोडणीतले अपघात मात्र झपाट्याने घटले.

पुढे लाकडाची जागा पोलादाने घेतली. पहिल्या महायुद्धात सरकारने रेल्वे ताब्यात घेतली, तेव्हा मोजक्या ठरावीक नमुन्यांच्या एक लाख वाघिणी बांधवून घेतल्या. वाफेच्या युगाच्या अखेरीस ४० फुटी, ५० टनी पोलादी डबा सगळीकडे दिसू लागला. टपावरच्या फळ्या मात्र बरीच वर्षे टिकल्या. नव्या बॉक्सकारवर त्या बसवायला मनाई झाली ती १९६६ साली.

आपल्याकडे इंग्रजी पद्धतीची दोन बफरांची आणि मधल्या आट्यांच्या साखळीची जोडणी वर्षानुवर्षे चालली. आज मात्र आपल्या मालगाड्यांच्या वाघिणींना मधोमध मुठीसारखी जोडणी दिसते आणि शेजारून हवेची नळी गेलेली असते. पुढच्या वेळी फाटकात अडकाल, तेव्हा मुलांना डबे मोजू द्याच. पण दोन डब्यांच्या मधली ती रिकामी जागाही दाखवा. तिथे आता कोणी उभे नाही, आणि ती जागा रिकामी करायला कित्येक वर्षे भांडावे लागले आहे.