मी पडलोच नाही, मग हरलो कसा?

गेल्या महिन्यात माझा भाचा कुस्तीच्या स्पर्धेतून हरून घरी आला. चौदा वर्षांचं पोर. तीन वर्षं तालमीत लाल मातीत घाम गाळतंय. त्या रात्री जेवायलाही बसेना. शेवटी म्हणाला, "मामू, माझी पाठ एकदाही टेकली नाही. मी पडलोच नाही, मग हरलो कसा?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. मातीतून मॅटवर गेलेल्या आपल्या कितीतरी पोरांचा तो आहे.

मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल. म्हणून खाली गेलेला पैलवान पालथा पडतो, मातीला चिकटून राहतो, दम खातो. तिथं तो चांगला बचाव आहे. फ्रीस्टाइलचा हिशोब वेगळा. समोरच्यानं तुम्हाला खाली आणून मागून ताबा घेतला, की पाठ टेको न टेको, त्याला 2 गुण. मग कंबर धरून एकदा फिरवलं की आणखी 2. मोठ्यांच्या लढतीत 3-3 मिनिटांच्या दोनच फेऱ्या असतात आणि 10 गुणांचा फरक पडला की तिथंच खेळ संपतो. भाचा ज्याला बचाव समजून पडून राहिला, तिथंच तो हरत होता.

म्हणजे मॅटवर पहिली लढाई खाली आणण्याची आहे. त्याचं मूळ हत्यार पट. एकेरी असो वा दुहेरी, नाव आपलंच आहे, डावही आपलाच आहे. पण तो शिकवायची पद्धत बदलावी लागेल. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नजर वर. दस्ती खेचून किंवा हात झटकून आधी समोरच्याचा तोल हलवायचा, मग पाऊल थेट त्याच्या दोन पायांमध्ये टाकायचं. लांबून नुसते हात पुढे करून पट निघत नाही. डोकं खाली गेलं की मान सापडलीच. एकेरी पटात डोकं त्याच्या बरगडीला टेकवायचं, पाय छातीशी घट्ट धरायचा आणि थांबायचं नाही. त्यानं पाय मागं फेकून कमरेचं वजन अंगावर टाकलं, तर दुसरा डाव लगेच तयार हवा. हे सगळं रोज शेकडो वेळा करून अंगात मुरतं, स्पर्धेआधी पंधरा दिवस मॅटवर जाऊन नाही.

हे म्हटलं की काही जुनेजाणते नाराज होतात. त्यांना वाटतं, मॅट आली की माती गेली. मला तसं वाटत नाही. तालीम हा शब्द अरबीतून आला, त्याचा अर्थच शिक्षण. वस्ताद, पैलवान, कुस्ती हे शब्द फारसीतून आले आणि इथल्या मातीत असे मिसळले की कुणाचे हे कुणी विचारत नाही. ज्या इराणमधून हे शब्द आले, तिथं जुनी पहलवानी आणि फ्रीस्टाइल दोन्ही नांदल्या. गुलामरझा तख्ती आपल्या देशाच्या पारंपरिक कुस्तीतही अव्वल होता आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलचं सुवर्णही त्यानंच जिंकलं. परंपरा मोडली नाही, उलट मोठी झाली.

आपल्याकडे काय झालं? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला फ्रीस्टाइलचं कांस्य आणलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिम्पिकचं कुस्तीपदक मिळालेलं नाही. सुशीलकुमारपासून अमन सेहरावतपर्यंतची पदकं दिल्ली-हरियाणाकडे गेली. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाचा अभिमान आम्हालाही आहे, पण अभिमानानं गुण मिळत नाहीत.

गावोगावच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीला मोठं इनाम लागतं. लागू दे. त्यातला थोडा पैसा बाजूला काढून चार गावांत मिळून एक मॅट घेता येणार नाही का? आणि वस्तादांना नवे नियम शिकवणारं शिबिर? माती ताकद आणि दम देते, ते तिचं देणं कुणी नाकारत नाही. पण ज्या नियमांवर पोराची निवड होणार, ते नियम त्याला स्पर्धेत हरल्यावर कळावेत, हा त्याच्यावर अन्याय आहे.

भाच्याला मी एवढंच म्हणालो, "बेटा, तू कमी पडला नाहीस. तुला अर्धंच शिकवलं गेलं." आता तो रविवारी एसटीनं तालुक्याला जातो, मॅटवर पटाचं पाऊल घोटतो. बाकीचे सहा दिवस मातीत. वस्तादांनी पहिल्या रविवारी तोंड वाकडं केलं होतं. परवा त्यांनीच विचारलं, "तिथं काय शिकवलं रे, दाखव बघू."