उपपत्तीवाचून मान नाही

मुलांना गणित मनापासून शिकवावे, की ते काम आता यंत्रावर सोपवून मोकळे व्हावे? सोलापुरातील सुशिक्षित घरांतूनही हा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. 2025 च्या जुलैमध्ये गूगल डीपमाइंड आणि ओपनएआय या दोन कंपन्यांनी जाहीर केले की, त्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधील सहापैकी पाच प्रश्न सोडवून सुवर्णपदकास पात्र ठरणारे 35 गुण मिळवले. पालकांच्या मनात शंका येणे साहजिकच आहे.

तथापि, ऑलिंपियाडच्या प्रश्नाचे उत्तर प्रश्न काढणाऱ्याला आधीच ठाऊक असते; संशोधकाला मात्र वाट स्वतःच पाडावी लागते. शिवाय यंत्राने जगभरचे लिखाण वाचलेले असते. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ओपनएआयच्या एका अधिकाऱ्याने पॉल एर्डॉश यांचे दहा अनुत्तरित प्रश्न यंत्राने सोडवल्याचा गाजावाजा केला. प्रत्यक्षात ती उत्तरे जुन्या शोधनिबंधांत होती. यंत्राने ती केवळ हुडकून काढली होती. हुडकणे हेही उपयुक्त काम आहे, पण शोध लावणे त्याहून वेगळे.

म्हणूनच 2026 च्या फेब्रुवारीत अकरा गणितज्ञांनी ‘फर्स्ट प्रूफ’ नावाची कसोटी मांडली. फील्ड्स पदकाचे मानकरी मार्टिन हैरर आणि भारतीय वंशाचे निखिल श्रीवास्तव हे त्यांत आहेत. स्वतःच्या संशोधनात उद्भवलेले, कोठेही प्रसिद्ध न झालेले दहा प्रश्न त्यांनी जगापुढे ठेवले आणि उत्तरे काही दिवस सांकेतिक लिपीत कुलूपबंद केली. ओपनएआयने आपली उत्तरे प्रसिद्ध केली. त्यांतील काही बरोबर असावीत असे तिने म्हटले. परंतु आधी बरोबर वाटलेले एक उत्तर चुकीचे असल्याचे तिलाच मान्य करावे लागले. यंत्राची प्रगती नाकारण्याचे कारण नाही. पण चुकीची सिद्धताही ते बरोबर सिद्धतेइतक्याच ठामपणे लिहिते, आणि ती पारखायला शेवटी जाणकार माणूसच लागतो.

हा विचार आपल्याला नवा नाही. 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी बजावले होते की, उपपत्तीवाचून गणकाला विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आजही वाचता येते. पूर्वजांचा केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. त्यांनी घालून दिलेली ही शिस्त आपल्या वर्गांत दिसते का, हा खरा प्रश्न आहे. सूत्र पाठ करून गुण मिळवणारा विद्यार्थी यंत्रापुढे निश्चितच हरेल. ‘हे असेच का?’ असे विचारणारा हरणार नाही.

सोलापूरकर चादर घेताना ती उलटून, वीण पाहूनच घेतो. उत्तर यंत्राचे असो वा गुरुजींचे, ते असेच उलटून पाहण्याची सवय मुलांना घरातूनच लावली पाहिजे.