चिंता, चिता आणि अण्णांचे पोट

चिंता आणि चिता यांत भेद एका अनुस्वाराचा, असे आपले वडीलधारे सांगत आले. वर्गात अनुस्वाराचे महत्त्व पटविताना आम्हीही हेच उदाहरण कैक वर्षे देत आलो. परंतु एवढ्या एका म्हणीवर विसंबून आम्ही आमच्याच घरात केवढी चूक केली, ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो.

आमचे थोरले बंधू अण्णा दहा-बारा वर्षे पोटदुखीने हैराण होते. त्याच काळात शेताच्या बांधाचा दावा बेळगावच्या कोर्टात चालला होता. तारीख जवळ आली की दुखणे बळावे. मग आणखी पुरावा तो कोणता हवा? "अण्णा, चिंता सोडा, पोट आपोआप बरे होईल," हा उपदेश आम्ही त्यांना किती वेळा केला याची गणती नाही. अण्णा थंड दूध पीत आणि आपला स्वभावच वाईट म्हणून स्वतःला बोल लावीत.

आमच्या या निदानाला शास्त्राचा आधार मुळीच नव्हता असे नाही. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या ग्रंथात दाखविले की, भय वा क्रोध उत्पन्न होताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन स्रवते, हृदय जोराने धडधडते आणि पचनाचे काम मंदावते. पुढे १९३६ साली हान्स सेल्ये यांनी कॅनडात उंदरांना थंडी, इजा, विषारी द्रव्ये अशा नाना प्रकारे पीडा दिली. पीडा कोणतीही असो, परिणाम तेच आढळले: त्या ग्रंथी फुगलेल्या, थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. पोटातील व्रण म्हणजे चिंतेचे फळ, ही समजूत त्यानंतर पक्की होत गेली.

ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी मात्र १९८२ साली व्रणाच्या रोग्यांच्या जठरात एक वळणदार जंतू पाहिला. लोकांना पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली त्या जंतूंचे पेय स्वतःच पिऊन आपल्या जठराला सूज आणली! या दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या अण्णांच्या जठरातही दुर्बिणीने तपासता तोच जंतू निघाला. चौदा दिवस गोळ्या घेतल्या आणि पोट राहिले. दावा आजही चालूच आहे.

मग ताण निर्दोष ठरला काय? तसेही नाही. हा जंतू जगातील जवळजवळ निम्म्या माणसांच्या पोटात असतो. व्रण थोड्यांनाच होतो. डेन्मार्कमधील एका पाहणीत, जी २००५ नंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली, जंतू असो वा नसो, ताण अधिक असणाऱ्यांत व्रणाचे प्रमाण अधिक दिसले. १९९५ साली अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर छोटीशी जखम करून पाहण्यात आली. इतर तेरा स्त्रियांच्या मानाने त्यांची जखम भरून येण्यास सरासरी नऊ दिवस अधिक लागले. संख्या लहान खरी. परंतु घरातील आजाऱ्याची सेवा एकटीच्या खांद्यावर टाकणाऱ्या कुटुंबांनी ती विसरू नये.

आमच्या अल्पमतीस यातून एवढे उमगले: ताणाने रोग झाला असे कोणी म्हटले तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात. मनातील खळबळ त्या अवयवापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली? जे उंदरात दिसले ते माणसात पडताळले आहे काय? आणि ताणाखेरीज दुसरे कारण शोधून पाहिले काय? आम्ही तिसरा प्रश्न विचारलाच नाही. तारीख आणि दुखणे एकाच वेळी येतात, एवढ्यावरच निकाल देऊन मोकळे झालो. चिंतेने दुखणे वाढत असेलही. पण वाढविणारे कारण आणि मुळाशी असलेले कारण एकच असते असे नाही.

औषध संपल्यावर अण्णा आम्हांस म्हणाले, "म्हणजे दोष माझ्या स्वभावाचा नव्हता तर!" त्यांच्या स्वरात राग नव्हता, सुटका होती. आम्हांला मात्र मान वर करवेना. रोग्याला 'चिंता करू नका' म्हणणे फार सोपे असते. त्याच्यासोबत दवाखान्याची पायरी चढणे तेवढे सोपे नसते. आपल्या घरातही कोणी अण्णा असतील, तर वाचकहो, उपदेश थोडा लांबणीवर टाकावा आणि आधी त्यांची तपासणी करवून घ्यावी.