तोफ कोणाची?

शाळेची सहल घेऊन आम्ही मुळशीतल्या कोरीगडावर गेलो होतो. तिथल्या लक्ष्मी तोफेवर हात ठेवून एका मुलाने विचारले, "तोफ हा शब्द आपला की त्यांचा?"

मूळ शब्द तुर्की. तुर्की भाषेत ‘तोप’ म्हणजे तोफ आणि खेळायचा चेंडूही!

विजापूरच्या बुरुजावरची तोफ १५४९ साली अहमदनगरात मुहम्मद रूमी यांनी ओतली. नाव ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे रणांगणाचा धनी. मराठी जिभेवर मलिकचा ‘मुलूख’ झाला. पुढे फर्डा वक्ताही ‘मुलूखमैदानी तोफ’ ठरला.

मग शब्द कोणाचा? जो बोलेल त्याचा. घरोघरी एवढेच जपू या : आपला शब्द समोरच्याला चेंडूसारखा झेलता यावा, गोळ्यासारखा लागू नये.