हलालबरोबर तय्यिबही पाहा

ईदच्या खरेदीत क्रीम आणि लिपस्टिकवर हलालचे चिन्ह शोधणे आता आपल्या घरांत रूढ झाले आहे. अल्कोहोल आहे का, चरबी कोणत्या प्राण्याची, हे आपण विचारतो. ते योग्यच आहे. पण कुरआनात हलालच्या जोडीला तय्यिब, म्हणजे शुद्ध आणि हितकर, हा शब्द येतो. त्या कसोटीवर फेसस्क्रबमधले प्लास्टिक उतरते का?

5 मिलिमीटरहून लहान प्लास्टिक कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. स्क्रबमधले दाणे साखरेचे, मिठाचे, अक्रोडाच्या टरफलाचे असू शकतात, तसेच पॉलिइथिलीनचेही. डब्यावरच्या यादीत पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन-12 ही नावे शोधा. थोडे स्क्रब गरम पाण्यात ढवळून पाहा: साखर-मीठ विरघळते, पॉलिइथिलीन पाण्याहून हलके असल्याने वर येते. पक्की ओळख मात्र प्रयोगशाळेतच पटते. तिथे कणांवर अवरक्त प्रकाश टाकतात. प्रत्येक प्लास्टिक तो आपापल्या पद्धतीने शोषते आणि त्यावरून नाव कळते.

अमेरिकेने असे मणी असलेल्या धुऊन टाकायच्या प्रसाधनांवर बंदी घालणारा कायदा 2015 मध्ये केला. भारतीय मानक ब्युरोनेही 2017 मध्ये हे मणी प्रसाधनांत वापरू नयेत असे ठरवले. पण प्रश्न केवळ मण्यांचा नाही. चमकी, नेलपॉलिश, मेकअप यांतही प्लास्टिक असते. युरोपीय संघाने 2023 मध्ये नियम केला, तरी मेकअपला 2035 पर्यंत सवलत दिली.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही आपल्याला मिळालेली शिकवण. मग तेच पाणी चेहरा धुताना दूषित करायचे? गटारात गेलेले हे कण सांडपाणी केंद्रात पूर्णपणे अडत नाहीत. जे अडतात ते गाळात राहतात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात जातो. एकदा पसरलेले कण वेचून काढता येत नाहीत.

माझ्या मते आपण दोन मागण्या कराव्यात. हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी प्लास्टिकमुक्तीची अट घालावी. आणि अन्न व औषध प्रशासनाने बाजारातले नमुने तपासून निष्कर्ष जाहीर करावेत, तेही मराठी आणि उर्दूत. इंग्रजीतल्या बारीक अक्षरांतली यादी आपल्या किती आया-बहिणी वाचू शकतात? जे वाचताच येत नाही, त्यातून निवड तरी कशी करणार?