आधी फोटो पाहू या!

परवा बाबांच्या मोबाइलवर संदेश आला : विनाहेल्मेट गाडी चालविल्याबद्दल दंड. आमची स्कूटर कॉलेजात मी आणतो, तेव्हा गुन्हेगार मीच! "भरून टाक. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," बाबा म्हणाले.

मी आधी ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे चार आकडे घातले. फोटोत चक्क मोटारसायकल! तिच्या पाटीवरचा 3 कॅमेऱ्याने 8 वाचला होता. (हेल्मेट मी घालतो. रोज नाही, हेही कबूल.) तक्रार तिथेच नोंदविली.

वर्गात हे सांगितले, तर मित्र हसले. "लोकअदालतीची वाट पाहा, सूट मिळते!" इथेच माझे मतभेद आहेत. लोकअदालत 1987 च्या कायद्याने चालते. ती उभयपक्षी तडजोड घडविते, दोषी कोण हे ठरवीत नाही. ज्याने सिग्नल तोडला त्याने तिथे खुशाल जावे. मी मोटारसायकल चालविलीच नाही, तर अर्धा दंड तरी का भरू? प्रकरण आभासी न्यायालयात गेले, तर तिथेही वाहन क्रमांकावरून नोंद सापडते आणि दोन वाटा असतात : दंड भरणे किंवा आरोप नाकारणे. नाकारला की खटला नेहमीच्या न्यायालयात जातो. हेलपाटे पडतील, एखादे प्रॅक्टिकलही बुडेल. पण न केलेला गुन्हा केवळ कंटाळ्यापोटी कबूल करायचा, हे मला पटत नाही.

तक्रारीचे उत्तर अजून आलेले नाही. बाबा मात्र रोज संध्याकाळी विचारतात, "भरलेस का रे?"